वेखंडाचा गुण

विटांच्या भट्टीमागे दलदल आहे. तिथे वेखंड उगवतं. पानं लांब, उभी, चुरडली की उग्र वास येतो. औषध मात्र खाली, चिखलात आडव्या पसरलेल्या गाठीगाठींच्या मुळात. ते उपटायचं तर गुडघाभर चिखलात उतरावं लागतं. उतरायची मी, कारण वेखंडावर विश्वास माझ्या थोरल्या नणंदेचा आणि गुडघे दुखतात तेही तिचेच.

मी त्यांना ताई म्हणते. ह्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तेव्हापासून ताई रोज सकाळी मागच्या गल्लीतून येतात आणि उगाळलेलं वेखंड मधात कालवून भावाच्या जिभेला लावतात. मूल बोलायला उशीर करत असलं की लावतात ना, तसं. "दुकानातलं वेखंड म्हणजे नुसतं लाकूड," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मुळं मी आणायची, मीच खिडकीत वाळवायची, मीच उगाळायची. वेखंडाचा विषय त्यांच्यापुढे काढू नये. सर्दीला कपाळावर लेप, पोट दुखलं की बेंबीभोवती, तान्ह्या बाळाच्या अंगाला पूड, कपड्यांत ठेवलं तर कसर लागत नाही. पंखा बिघडला तेव्हा, "ताई, ह्यालाही लावू या का?" असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

इस्पितळातून ह्यांना बोलायला शिकवणारी मुलगी येते, आरसा धरून ओठ हलवायला लावते. तिने हरकत घेतली नाही. जिभेला बोटाच्या टोकावर येईल तेवढंच लावा, ठसका लागू देऊ नका, एवढंच म्हणाली.

हे बस डेपोत गाड्या पुकारायचे. अख्ख्या गावाच्या कानात ह्यांचा आवाज आहे. घरी आले की मात्र तोंडाला कुलूप. "दिवसभर बोलूनच आलोय," हे एकच वाक्य माझ्या वाट्याचं. त्यामुळे भेटायला आलेली माणसं "काय आवाज होता हो!" म्हणून डोळे पुसायची, तेव्हा मी आत चहा गाळत मनात म्हणायचे, असेल बाई. अर्थात, झटक्याआधी न बोलता का होईना, आपल्या पायांनी उठून न्हाणीघरात जात होते. आता उठवा, बसवा, पुसा, भरवा, चादर बदला, परत चादर बदला. मी थकले आहे. आज नळाला पाणी नाही, असं सांगावं तसं सांगते आहे. रडायलाही जोर लागतो, तो उरला नाही.

मला आठ दिवस बहिणीकडे जायचं होतं. मिरवायला नाही, झोपायला. त्यासाठी एकच वाक्य म्हणायचं होतं: ताई, आठ दिवस तुम्ही इथे राहा. सहाणेवर मूळ उगाळताना मी ते रोज घोकायचे. ताई आल्या की घोकलेलं सगळं घशात. त्यात त्यांचा हुकूम, "आधी तू चाखून बघ, फार तिखट झालं तर बाळ्याची जीभ पोळेल." बाळ्या म्हणजे हे, वय अठ्ठावन्न. मी चाखायचे. कडूजहर, वर जीभ बधिर. म्हणजे औषध दोघांनाही चालू होतं.

परवा दलदलीत पाय घसरला आणि मी फतकल मारून बसलेच. कमरेपर्यंत माखून घरी आले तर ताई ह्यांच्या उशाशी खुर्ची टाकून बसलेल्या.

"किती उशीर गं! बाळ्याची चादर ओली झालीय."

"कधीची?"

"मी आले तेव्हापासून आहे."

मी मुळं खाली ठेवली. हात पुसायला साडीवर कोरडी जागा नव्हती.

"ताई, मी आठ दिवस बहिणीकडे जाते. तुम्ही इथे राहा. मला आता होत नाही. खरंच होत नाही हो."

ताई खुर्चीतून उठल्या. "वेखंड लावतेय बाळ्याला आणि वाचा तुला फुटली होय?" मग पदर खोचून म्हणाल्या, "नवरा असा आडवा पडलेला आणि ही निघाली बहिणीकडे! लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. ह्यांचं तोंड वाकडं झालं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, डाव्या हाताची मूठ वळलेली.

"ज... जा."

"बोलला! अगं, माझा बाळ्या बोलला!" ताईंनी ह्यांना मिठीच मारली. खऱ्या रडल्या. मग त्यांनी फोन घेतला आणि एकेका नातेवाइकाला लावत सुटल्या. "म्हटलं नव्हतं, वेखंडाचा गुण येणार म्हणून? थांब, ऐकवते. म्हण रे बाळ्या."

"जा."

"ऐकलंस? परत म्हण, मामाला ऐकव."

"जा."

सगळ्यांनी आवाज ऐकला. शब्द कुणी ऐकला नाही. हे फोनमध्ये बोलत होते आणि बघत माझ्याकडे होते. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यासाठी एवढा जोर लावून काही म्हटलेलं मला आठवत नाही.

मी ह्यांना कुशीवर वळवून चादर बदलली, अंघोळ केली आणि पिशवी भरली.

"आता कुठे निघालीस?" ताई फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "आत्ता तर बोलायला लागलाय!"

"चादरी खालच्या कप्प्यात आहेत," मी म्हटलं.

दारातून सवयीने बोलून गेले, "येते हं."

ह्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ ताणले गेले, जीभ हलली. 'ये' म्हणायचं होतं त्यांना. येत नव्हतं. अजून थोडी थांबले असते तर कदाचित आलंही असतं. मी थांबले नाही.