अनुजाराजेंची रक्षा

"कलश इकडे द्या, कर्नलसाहेब," रणधीरराजे म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आवाजात हुकूम नव्हता, अदबच होती. पण त्या घराण्याची अदबच अशी की, समोरच्याला नाही म्हणायची सोय उरत नसे.

आकारामांनी कलश छातीशी धरला. बायकोची रक्षा अजून कोमट होती.

कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस तोलणाऱ्याचा हा मुलगा. फौजेत कॅप्टन झाला, घोडेस्वारीच्या स्पर्धेत पहिला आला आणि बक्षीस द्यायला आलेल्या राजकन्येच्या, अनुजाराजेंच्या, मनात भरला. संस्थान एवढंसं, तेही केव्हाच विलीन झालेलं. पण मानपान कुठे विलीन होतात? लग्नानंतर राजवाड्यात ते आधी कॅप्टनसाहेब आणि पुढे कर्नलसाहेब झाले, बावड्यात सरकारांचे जावई. नुसतं आकाराम म्हणणारी एकटी तीच होती, आणि परवा तीही गेली.

रणधीरराजे सांगत होते की, वडिलांच्या, आबासाहेबांच्या समाधीशेजारी बहिणीसाठी जागा काढली आहे, दगडही घडवायला दिला आहे. दगडावर काय कोरणार, असं आकारामांनी विचारलं. तिचं नाव, वडिलांचं नाव, घराण्याचं नाव. जावयाचं नाव तिथे कोरत नाहीत, आणि उद्या जावयाची रक्षाही तिथे ठेवता येत नाही, हे सांगताना मात्र मेहुण्याची नजर खाली गेली. माणूस वाईट नव्हता. कालपासून तोही रडून रडून सुजला होता.

आकारामांनी जन्मभर नियम पाळले होते, कुरकुर न करता. आज मात्र त्यांनी कलशावरची पकड सोडली नाही. ती तिकडे गेली की कायमचीच गेली.

"राजे, लग्नानंतरचा पहिला दसरा आठवतो?" ते म्हणाले. "दरबारात तिची खुर्ची पुढच्या रांगेत होती, माझी मागच्या. ती उठली आणि सगळ्यांदेखत माझ्याशेजारी येऊन बसली. पुढचे चाळीस दसरे तिथंच बसली. आता मी तिला परत पुढं नेऊन बसवणार नाही."

रणधीरराजांचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले आणि आपण बावड्याच्या शेतापर्यंत आलो तर चालेल का, असं हळूच विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी आकारामांना काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

अलीकडे बावड्यात बरेच जण रक्षा नदीत सोडत नाहीत, आपल्याच रानात पुरून वर झाड लावतात. आकारामांची धाकटी बहीण चिमणाबाई जांभळाचं रोप घेऊन बांधावर वाट बघत होती. रानाला आदल्या दिवशीच पाणी पाजलेलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आकारामांनी कुदळ कुणालाच दिली नाही. बांधाजवळच्या मोकळ्या तुकड्यात ते स्वतःच खणू लागले.

"दादा, लईच कडंला घेतलास की," चिमणाबाई म्हणाली. "मधी घे. झाड ऐसपैस वाढंल."

"असू दे," आकाराम म्हणाले. "शेजारी आनखी एकाची जागा लागंल."

चिमणाबाईने पदर तोंडाला लावला. रणधीरराजांनी बूट काढून बांधावर ठेवले, ओल्या मातीत उतरले आणि रक्षा घालून होईपर्यंत रोप सरळ धरून उभे राहिले.