सगळ्यात वरचा मेल

नाना टेंबे यांना पंचाहत्तरी गाठायला अजून साडेपाच वर्षं होती, पण त्या दिवशी कोणता वार येतो हे त्यांना त्या मंगळवारी सकाळीच कळायला हवं होतं. वार आडवा आला तर सत्काराला लोक येत नाहीत, हा इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागातल्या वाचनालयाचं सेक्रेटरीपद अकरा वर्षं सांभाळल्याचा त्यांचा अनुभव. सत्कार होणार आणि वाचनालयच तो करणार, याबद्दल मात्र त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

नानांचा कम्प्युटर म्हणजे एक जुनं खोड होतं. कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली की त्यात कॅलेंडर उघडे. नानांनी वर्षं भराभरा पुढे ढकलली आणि सोळा नोव्हेंबर दोन हजार एकतीसवर येऊन थांबले. रविवार! नाना खूश झाले आणि बघून झालं म्हणून त्यांनी ‘ओके’ दाबलं. असं करून आपण कम्प्युटरला थेट २०३१ सालात नेऊन ठेवलं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना आजची तारीख लागली की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

मग त्यांनी मेल उघडला. वाचनालयाला शंभर वर्षं होत होती, स्मरणिका निघणार होती आणि तिची काही कच्ची पानं शालिनीने सगळ्या कार्यकारिणीला पाठवली होती. शालिनी म्हणजे आताची सेक्रेटरी. दिवसभर सांवेरच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी बसने परत येऊन थेट वाचनालयात बसायची. पान सातवर माजी सेक्रेटरींची यादी होती. नानांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. त्यांचं नाव नव्हतं.

आता एखाद्याने फोन करून विचारलं असतं. शालिनीचं घर हाकेच्या अंतरावर होतं. पण नानांच्या नाकावर राग असे, आणि रागाला ते तत्त्व म्हणत. त्यांनी स्वतःला धरून एकोणीस जणांच्या त्या कार्यकारिणीला मेल लिहायला घेतला. विषयाच्या जागी लिहिलं, ‘शिपायाच्या मुलीने पुसलेला इतिहास’. आणि खाली, ‘ज्यांचे वडील या वाचनालयात झाडू मारत होते, त्यांनी खुर्ची मिळताच खऱ्या सेक्रेटरींची नावं झाडून टाकली आहेत.’ हे वाक्य चांगलं जमलं म्हणून त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. स्वयंपाकघरातून कुमुदिनीबाई म्हणाल्या, “अहो, हे काय लिहिताय? तिच्या वडिलांचं कशाला काढता मध्ये?” तोवर मेल गेला होता.

उत्तर कुणाचंच आलं नाही. आपण सगळ्यांची बोलती बंद केली, असं नानांना वाटलं. त्यांच्या स्वतःच्या मेल-पेटीत तो मेल रोज सगळ्यात वर दिसे. आपला आहे म्हणून आपल्याला वर दिसतो, असा त्यांनी अर्थ लावला.

रविवारी मुलगी आली. शलाका सॉफ्टवेअर कंपनीत होती. विजेचं बिल भरून देते म्हणून कम्प्युटरसमोर बसली आणि हसत सुटली. “बाबा, साइट खुलत का नाही ते बघत होते. इथे तर २०३१ चालू आहे! आप तो बहुत आगे निकल गए.” तिने तारीख नीट केली, बिल भरलं आणि गेली. मेल तिने पाहिला नव्हता.

सोमवारी शालिनीचा मेल आला, फक्त नानांना. ‘फोटो मिळायला वेळ लागल्याने पान अकरा मागे राहिले होते. सोबत पाठवत आहे. दुरुस्ती असल्यास कळवावी.’ पुढेमागे एक शब्दही नाही.

पान अकरावर नानांचा फोटो होता, पानाच्या अर्ध्याहून मोठा. वर लिहिलं होतं, ‘सेक्रेटरी, ज्यांना यादीत बसवता आलं नाही’. आणि खाली शालिनीने लिहिलं होतं:

‘माझे वडील या वाचनालयात शिपाई होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर यायचे आणि पायरीवर बसायचे. तेव्हाचे सहचिटणीस नाना टेंबे यांनी एकदा विचारलं, वाचतेस का? मी हो म्हटलं, तर त्यांनी मोठ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. सभासद नसलेल्यांना पुस्तक देऊ नये असा नियम होता. नानांनी तीन वर्षं माझी पुस्तकं स्वतःच्या नावावर लिहिली.’

नाना वाचता वाचता मागे टेकले. किल्लीचं त्यांना आठवत होतं, नियमाचं पार विसरायला झालं होतं. त्यांनी ते पान कुमुदिनीबाईंना दाखवलं नाही. उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून नुसतेच उभे राहिले. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती, आणि अशी लाज वाटायची वेळ याआधी किती वेळा येऊन गेली असेल, हाही विचार त्यांना तेव्हाच सुचला.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या कार्यकारिणीला दुसरा मेल पाठवला. ‘मागील मेलबाबत दिलगिरी. यादीबाबत माझा गैरसमज झाला होता. शालिनीबाईंचा अपमान करण्याचा हेतू नव्हता.’ खरं तर हेतू तोच होता, पण दिलगिरी लिहायला बसलं की माणसाला अशी वाक्यं आपोआप सुचतात.

आठेक दिवसांनी ते वाचनालयाच्या बैठकीला गेले. दारातच जयसिंगराव भेटले. हे जुन्या सरदार घराण्यातले, मिशी पांढरी, मन साफ, आणि जिभेला हाड नाही. नानांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “नाना, भिया, तुमच्या मेलने तर डेराच टाकला आहे! रोज सकाळी पेटी उघडतो, सगळ्यात वर तुम्ही. शिपायाच्या मुलीने, आणि काय ते. उतरायचं नावच नाही घेत.”

“अहो, त्यानंतर मी माफी मागितली ना!”

“माफी? ती कुठे आली? माझ्या तर नजरेत नाही आली.”

नाना आत कचेरीत गेले. टेबलावर वाचनालयाचा कम्प्युटर चालू होता. पहिलीच ओळ त्यांची होती. पुढे तारीख, १६ नोव्हेंबर २०३१. तिच्याखाली आजच्या बैठकीचं आमंत्रण, पुस्तकविक्रेत्याची यादी, छापखान्याचा निरोप. आणि बरंच खाली, पान सरकवल्यावर, त्यांची दिलगिरी. इथे ती कुणी उघडलीही नव्हती. बैठकीत शालिनी समोर बसली होती. तिने सगळ्यांना चहा मागवला, नानांनाही. नानांनी दीड तास टेबलाच्या कडेकडे बघत काढला.

घरी येऊन त्यांनी शलाकाला फोन लावला. “मेलवर तारीख कोण टाकतं गं?”

“पाठवणाऱ्याचा कम्प्युटर. बाबा, सीधी बात आहे. पत्रावर आपण वर तारीख लिहितो ना, ती आपल्या मनाची. पोस्टाचा शिक्का वेगळा असतो. चांगल्या मेल-पेट्या शिक्का बघून ओळीने लावतात. तुमच्या वाचनालयाने तुम्हा सगळ्यांना दिलेली पेटी पुरानी आहे, ती नुसती वर लिहिलेली तारीख बघते. का? तुम्ही त्या २०३१ मध्ये कुणाला मेल केला होता का?”

नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाबा?”

“तो वर राहतो का मग?”

“२०३१ येईपर्यंत. रोजचे नवे मेल त्याच्या खालीच जातील. आणि परत नाही बोलावता येत. ज्याच्या त्याने डिलीट करायला हवा. काय लिहिलंय त्यात? मला पाठवा बरं.”

त्यांनी पाठवला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग शलाकाचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, “शालिनीताईने मला बारावीला संस्कृत शिकवलं होतं, बाबा. एक रुपया नव्हता घेतला.” आणि फोन ठेवला.

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. कुमुदिनीबाईंनीही आग्रह केला नाही, आणि ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ते वाचनालयात गेले. शालिनी नुकतीच सांवेरहून आली होती, पर्स अजून खांद्यालाच होती.

“शालिनी,” नाना उभ्या उभ्याच म्हणाले, “मी एकेकाच्या घरी जाऊन तो मेल काढायला लावणार आहे. सतरा घरं आहेत. आजपासूनच सुरू करतो.”

“बसा तर आधी.” तिने खुर्ची पुढे केली. “जाऊन काय सांगाल, नाना? अमुक मेल काढा म्हटलं की ते आधी उघडून वाचतील. ज्यांनी वाचला नाही तेपण वाचतील.”

हे नानांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

“मग ते पान तरी काढ. अकरा नंबरचं. माझी लायकी नाही त्याची.”

“ते कालच पोलोग्राउंडच्या छापखान्यात गेलं, छापायला. आणि मी ते ज्या नानांवर लिहिलं ना, ते होते. तेव्हा खरंच होते.”

नानांना वाटलं, यापेक्षा तिने ओरडायला हवं होतं. ते उठायला लागले, तेव्हा ती म्हणाली, “एक सांगू? तुम्ही माफीत लिहिलंत की अपमानाचा हेतू नव्हता. माझे बाबा शिपाई होते, झाडू मारत होते, यात खोटं काहीच नाही. मी स्वतः छापलंय ते. पण तुम्हाला ती शिवी वाटली, म्हणून तुम्ही लिहिलंत. बाबा तुम्हाला मरेपर्यंत देवमाणूस म्हणायचे. बस्स, तेवढंच वाईट वाटलं मला.”

नाना उठून उभे राहिले. हात जोडावेत असं वाटलं, पण जोडले असते तर तिला वाकून त्यांना थांबवावं लागलं असतं, आणि तीही त्यांची सोयच झाली असती. ते तसेच बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी कम्प्युटर लावला. कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली. या वेळी मुद्दाम. सतरा नोव्हेंबर दोन हजार एकतीस, आणि ओके.

मग विषयाच्या जागेसमोर ते बराच वेळ बसले. मजकूर कुणी वाचो न वाचो, विषयाची ओळ सगळ्यांना दिसते, हे आता त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. ‘खुलासा’ लिहिलं, खोडलं. ‘क्षमायाचना’ लिहिलं, तेही खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते असं: ‘खालचा मेल लिहिताना मला लाज वाटायला हवी होती – नाना टेंबे’.

आत मजकूर थोडाच होता. ‘मी शालिनीचा आणि तिच्या वडिलांचा अपमान केला. हेतू अपमानाचाच होता. यादीत नाव नाही म्हणून केला. हेतू नव्हता असं नंतर लिहिलं, ते खोटं होतं. या मेलची तारीख मी मुद्दाम चुकीची टाकली आहे, म्हणजे हा तुम्हाला रोज दिसेल. काढू नये ही विनंती.’ त्यांनी हा मेल एकदाही मोठ्याने वाचला नाही. पाठवला, आणि तारीख आजची करून ठेवली.

कुमुदिनीबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं वाचलं होतं. “पाच वर्षं लोक रोज बघतील हे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तुमच्या सत्काराच्या दिवशीसुद्धा.”

“कसला सत्कार,” नाना म्हणाले.

सकाळी त्यांनी पेटी उघडली. वर त्यांची लाज होती, तिच्याखाली त्यांचा माज होता, दोन्हींवर त्यांचंच नाव. या दोन ओळी ओलांडल्याशिवाय आता त्यांना कुणाचाच मेल वाचता येणार नव्हता. तिसरी ओळ शालिनीची होती, कालच्या रात्रीची, तारीख अगदी बरोबर. नानांनी ती उघडली. आत एकच शब्द होता, ‘मिळाला.’ नानांनी तो चार-पाच वेळा वाचला. त्यात माफी आहे की नाही हे त्यांना काही केल्या कळेना, आणि तिला विचारायचं तोंड त्यांच्याकडे उरलं नव्हतं.