एक्सप्रेस थांबवायची तर

फाटकात अडकलेल्या उसाच्या ट्रॉलीला मालगाडीनं उडवलं. ट्रॅक्टरवाला उडी मारून वाचला, पण लाइन बंद पडली. परभणीला जाणारी पॅसेंजर अलीकडच्या लहान स्टेशनात उभी राहिली. तिच्यात धम्मशीला आणि तिची आई मालनबाई. मालनबाईचं आज परभणीत डायलिसिस. अंग सुजलेलं, दम लागलेला. ते हुकलं तर काय होतं, हे धम्मशीलेला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी ट्रॉली बाजूला ओढली. स्टेशनमास्तर म्हणाले, "आधी मागची एक्सप्रेस जाईल. मग तुमची."

झालं! सकाळपासून ताटकळलेल्यांनी अजून ताटकळायचं, एसीवाल्यांनी पुढं जायचं.

"मंग एक्सप्रेस हितं थांबवा, आमी तिच्यातच चढतो," धम्मशीला म्हणाली.

"माझ्या हातात नाही, ताई. कंट्रोल रूमला विचारावं लागतं."

"मंग विचारा. मी हितंच उभी हाय."

मास्तरांनी फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, लोक किती अडकलेत? मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. फलाटावर मालनबाई आणि एक कुत्रं. बाकी सगळे मोबाईल काढून फाटकावर, चेपलेली ट्रॉली बघायला! आपल्या लोकांना हक्कापेक्षा तमाशा प्यारा.

"फोन ठिवू नका," म्हणून धम्मशीला पळाली.

फाटकावर तिच्याच गल्लीतला रंगनाथ सांडलेला ऊस सोलत होता.

"ओ मामा! ट्रॉली कुठं पळून जायलीय का? चला, एक्सप्रेस थांबवायचीय!"

"आपल्यासाठी एक्सप्रेस थांबती व्हय? पागल झालीस का?"

"रिकाम्या फलाटावर कशी थांबंल? तिकडं माय मरायलीय माजी. तुमी खा ऊस!"

रंगनाथनं ऊस फेकला. मग तोच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत लोकांना हाकायला लागला.

फलाट भरला. एकच गलका. मास्तरांनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. "ऐका साहेब, किती आहेत ते."

एक्सप्रेस थांबली. धम्मशीलेनं आईला जनरल डब्यात चढवलं, तर खिडकीपाशी रंगनाथ आधीच पाय पसरून बसलेला.

"मामा, उठा."

"आगं, लोकं मीच आणले ना..."

"उठा म्हन्ते न्हवं!"

रंगनाथ उठला, मालनबाई बसली. फाटकापाशी गाडी हळू झाली आणि अख्खा डबा ट्रॉली बघायला त्याच खिडकीवर वाकला.

धम्मशीलेनं हात आडवा लावला. "सरका मागं. माज्या मायला वारं लागू द्या."