ठिणगीची वाट

शिंप्याला रात्रभर जागं ठेवायचं काम त्याच्या बायकोकडे होतं. दिवसा यंत्रात झोप लागावी, म्हणून डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. तिने जुनी भांडणं उकरून काढली, त्याला बटणं टाचायला बसवलं, डोळा लागला की चिमटा काढला. शेवटी तो घटस्फोटाच्या गोष्टी करू लागला, तेव्हा सही करण्यापुरता तरी जागा राहा, असं तिने सुनावलं.

आता तो एमआरआयच्या बोगद्यात होता, डोक्यावर तारांची टोपी. त्याला फिट यायची ती नेमकी झोपेत, आणि औषधं तिच्यापुढे हात टेकून बसली होती. ऑपरेशन करायचं तर मेंदूत फिटची ठिणगी जिथे उडते ती जागा सापडायला हवी. ठिणगी कधी उडाली हे टोपी सांगणार, कुठे उडाली हे यंत्र. मोठी फिट नको, नुसत्या ठिणग्या पुरेत, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. पहिल्या खेपेला तो झोपला, पण ठिणगी उडाली नाही. दुसऱ्या खेपेला झोपलाच नाही. आज जमलं नाही तर ऑपरेशनचा विषय बंद.

यंत्राचा ठकठकाट काचेपलीकडे बसलेल्या बायकोलाही ऐकू येत होता. त्यातही तो गाढ झोपला. टोपीकडून पडद्यावर येणाऱ्या रेघा मात्र शहाण्या मुलांसारख्या शांत चालल्या होत्या.

"ताई, आता तुमच्या देवाला सांगा, ठिणगी येऊ दे म्हणून," टेक्निशियन जांभई आवरत म्हणाली.

बायकोने हात जोडले आणि ती तशीच राहिली. लग्न झाल्यापासून रोज अंथरुणाला पाठ टेकताना तिचं एकच मागणं असायचं: आज येऊ देऊ नकोस. त्याच देवाला आता कोणत्या तोंडाने सांगायचं? जागरणाने डोळे चुरचुरत होते, शब्द जुळत नव्हते. देवा, मला मागता येत नाही रे, तूच समजून घे, एवढंच ती मनात म्हणाली.

रेघ उसळली. थोड्या वेळाने पुन्हा उसळली.

"मिळाल्या," टेक्निशियन म्हणाली. "आता जागा शोधता येईल."

बायकोला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

बाहेरच्या बाकावर शिंप्याने विचारलं, "आली का?"

"आली."

"बरं झालं."

फिटविषयी असं त्या घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. ती त्याच्या केसांतलं टोपीचं चिकट जेल रुमालाने पुसू लागली, आणि पुसता पुसता त्याच्या खांद्यावर कलंडली. डॉक्टर बोलवायला आले, तेव्हा शिंप्याने हळूच ओठांवर बोट ठेवलं.