डोळ्याची रेषा

"हे स्टूल आहे की मोडलेली शिडी?" मास्तरांनी विचारलं, आणि वर्गातली पोक्त मंडळी मनमोकळी हसली. त्यांचीही स्टुलं काही फार ताठ उभी नव्हती, पण दुसऱ्याचे वाभाडे निघताना हसायला सगळ्यांनाच जमतं.

"स्टुलाला चार पाय असतात हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही चार काढलेत," मास्तर म्हणाले. "इथून दिसतात तीन. माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा. तुमच्यापेक्षा आंधळा परवडला, तो निदान चाचपून बघतो."

मीटरकाका खाली मान घालून खोडू लागले. आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या मीटरचे आकडे टिपले होते. लोकांच्या दारात जायचं, जिन्याखाली वाकायचं, आकडा लिहायचा आणि पुढचं दार गाठायचं. कोणत्या घराचा मीटर अडकतो ते त्यांना तोंडपाठ होतं. त्या घरात कोण राहतं, हे विचारलं असतं तर डोकं खाजवत बसले असते.

निवृत्त झाल्यावर या रविवारच्या वर्गात त्यांनी नाव घातलं ते बायकोच्या टोमण्यांमुळे. "तुम्हाला आकड्यांखेरीज काही दिसतं का हो?" हा काकूंचा लग्नापासूनचा प्रश्न. एकदा कमरेपर्यंतचे केस त्या खांद्यापर्यंत कापून आल्या, तर काकांना ते शेजाऱ्यांनी सांगितल्यावर कळलं होतं.

आता काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. झटक्याने डावं अंग गेलं, डावीकडचं दिसेनासं झालं आणि मानही डावीकडे वळेना. जीभ मात्र शाबूत राहिली. पलंग त्यांच्या उजव्या हाताच्या भिंतीला टेकलेला होता आणि दार पायांकडे, डावीकडे. पुसणं, भरवणं, कपडे बदलणं यासाठी दोन वेळा मावशी येत. काका दारातून विचारत, काही हवंय का, आणि उत्तर यायच्या आत निम्मे वळलेले असत. खोलीत औषधांचा, ओल्या कापडांचा आणि एकाच जागी पडून राहिलेल्या शरीराचा वास होता. खरं सांगायचं तर त्यांना किळस येत असे.

रविवारी दुपारी मात्र ते आत जात. शिकलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांच्या पोटात राहत नसे. काकूंना दिसेल असा कागद उजवीकडे धरून ते समजावत: जवळचं मोठं, लांबचं लहान. पलंगाच्या दोन्ही कडा समांतर असल्या तरी लांब जाताना जवळ येतात, आणि तशाच वाढवत नेल्या तर एका बिंदूत मिळतात. तो बिंदू नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतो. बसलात तर खाली, उभे राहिलात तर वर. काकांना हे पचायला महिना लागला होता. काकूंना तिथल्या तिथे कळलं.

"छताच्या पट्ट्या तिकडे अरुंद होत जातात, ते मी कधीची बघतेय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, डोळेपण गेले."

काढणारा चित्रात नसतो, पण तो कुठे होता याची चित्र चुगली करतं, हेही मास्तरांचं वाक्य काकांनी सांगितलं.

"म्हणजे चोर सापडतोच," काकू म्हणाल्या, आणि दोघं हसले. एकाच गोष्टीला दोघांनी मिळून हसायची त्या घराला सवय राहिली नव्हती.

त्याच दुपारी काकूंनी एक मागणं केलं. त्यांचा एकटीचा असा फोटो नव्हता. जे होते त्यांत त्या कुणाच्या तरी खांद्यामागे, नाहीतर हातात ताट घेऊन घाईत निघालेल्या.

"माझं चित्र काढा," त्या म्हणाल्या. "चांगलं नाही आलं तरी चालेल. पण जवळ बसून काढा. मरायच्या आधी एकदा तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत, एवढं मला कळू दे."

काकांनी स्टूल आणलं, पलंगाशी ठेवलं आणि बसले. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता, त्यातून लाळ उशीवर उतरत होती, डावी पापणी अर्धवट मिटली होती. त्यांनी एक रेघ ओढली. मग श्वास रोखून, स्टुलाचा आवाज न करता उठले आणि एकेक पाऊल मागे सरकत उंबऱ्याबाहेर गेले. तिथून सगळं सोसवत होतं. तिथून बायको म्हणजे एक पलंग, एक चादर, एक उशी आणि त्यांच्यामधली अंतरं होती. कागद लावलेली फळी छातीशी धरून ते उभ्याने काढू लागले.

"बसलात ना नीट?"

"हो. हा काय, इथेच आहे."

"आवाज लांबून येतोय."

"आता कानही गेले का तुझे?" काका म्हणाले. काकू स्वतःशीच हसल्या. कानांवरही त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

पुढे रोज दुपारी काका काढत आणि काकू छताकडे बघत बोलत. कुणीतरी जवळ बसून आपल्याकडे बघतंय, या सुखात त्यांनी आजवर न सांगितलेलं सांगून टाकलं. ते केस त्यांनी काका चिडावेत म्हणून कापले होते. एकदा तर बॅग भरून बसस्टँडवर गेल्या होत्या, संध्याकाळी परत आल्या आणि बॅग मुद्दाम दारातच ठेवली. काका तिला वळसा घालून आत गेले. हात लांब करून पेन्सिलीने पावलांची लांबी मोजताना काका मध्ये मध्ये हं म्हणत होते. त्यांना त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही.

चित्र पुरं झालं. मास्तरांनी ते बराच वेळ पाहिलं, पेन्सिल उचलली, परत ठेवली आणि म्हणाले, "बरोबर आहे." असं ते कुणालाच म्हणत नसत. काका घरी आले ते जवळजवळ पळतच, आणि थेट आत जाऊन त्यांनी कागद काकूंपुढे धरला.

काकूंनी पाहिलं. "पावलं केवढी मोठी आहेत."

"जवळचं मोठं," काका खुशीत म्हणाले.

"तोंड शर्टाच्या बटणाएवढं आहे."

"लांबचं लहान. शिकवलंय ना तुला."

"आणि कडेची ही काळी उभी पट्टी?"

"दाराची चौकट," काका म्हणाले. दिसतंय ते सगळं काढायचं, हा धडा त्यांनी इतका मन लावून गिरवला होता की, बोलून झाल्यावरच त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

काकूंनी चांगला हात उचलला. पलंगाच्या एका कडेवर बोट ठेवून त्या ते सावकाश पुढे नेत गेल्या. मग दुसऱ्या कडेवरून. उशाकडच्या भिंतीशी कपाट होतं, त्याच्या वरच्या कडीपाशी दोन्ही रेषा मिळाल्या. बोट तिथेच थांबलं.

"एवढं उंच," त्या म्हणाल्या. "म्हणजे उभे होतात. चौकटीच्या बाहेर."

काकांना काहीतरी बोलणं भाग होतं. "मास्तर म्हणाले, बरोबर आहे."

"हो. अगदी बरोबर आहे." काकूंनी हात खाली घेतला. "बाहेरच लावा ते. जिथून काढलंत तिथे." आणि त्यांनी मान उजवीकडे, भिंतीकडे वळवली.

त्यानंतर त्या मावशींशी बोलत, उन्हाबद्दल, मावशींच्या नातवाबद्दल. काकांची चाहूल लागली की मान भिंतीकडे जाई. काका दारातून विचारत आणि उत्तराची वाट बघत थांबत. उत्तर येत नसे.

एका दुपारी त्यांनी स्टूल पलंगाला अगदी चिकटवून ठेवलं. बसले. वास होताच, पण ते उठले नाहीत. आपण खरंच जवळ आहोत हे तिला कळावं म्हणून त्यांनी गुडघा गादीला टेकवला.

"मी बसलोय," ते म्हणाले. "या वेळी खरंच बसलोय."

मान हलली नाही. निदान छताकडे वळवता आली असती. काकांनी बरीच वाट पाहिली, मग फळी मांडीवर घेतली आणि दिसत होतं ते काढायला लागले. इतक्या जवळून डोकं कागदभर मोठं आलं, पाठमोरं. झोपून चपटे झालेले केस आले, कान आला. कानामागे एक तीळ होता. एवढ्या वर्षांत तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. तोही त्यांनी त्याच्या जागी काढला.