सरांचं खरं बोलणं

"त्याच्याकडे पोर ठेवू नको. तो खोटं नाही बोलत."

जिन्यात केळ्यांची पिशवी टेकवून, धापा टाकत बर्थाआत्या मला हे म्हणाली तेव्हा मी हसले. ती फेबियन सरांची थोरली बहीण, नंदाखाल गावातल्या वाडीतून भावासाठी केळी घेऊन येणारी. बहीणभावांत जुनं काही असेल, असं मी धरून चालले. खोटं न बोलणं हा काय दोष झाला? शिवाय सर माझेच सर. बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं, कारण मानसशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. वर्गातल्या बहुतेकांचं तसंच होतं. तुम्ही कुठेच जागा मिळाली नाही म्हणून इथे आला आहात, हे सर दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायचे. खरं म्हणून.

सरांचं आयुष्य एका प्रश्नावर गेलं: माणसाने कधी खोटं बोलावं का? पीएच.डी. त्याच्यावर, पुस्तक त्याच्यावर, चर्चासत्रांतले निबंध त्याच्यावर. उत्तर पहिल्यापासून 'नाही' असंच होतं, त्यामुळे उरलेल्या नोकरीत विचार करायची तशी गरज पडली नाही. त्यांचं एक आवडतं उदाहरण होतं. मरायला टेकलेला म्हातारा विचारतो, माझा मुलगा आला का? मुलगा आलेला नाही. काय सांगाल? एखादी मऊ मनाची मुलगी म्हणायची, "आला म्हणून सांगू, सर." मग सर तिला उभी करून तास संपेपर्यंत सोलायचे.

विभाग म्हणजे सर, एक कपाट आणि तासांवर येणाऱ्या एक बाई. त्या बाईंनी बहिणीच्या बाळंतपणासाठी स्वतःचं आजारपण दाखवून रजा काढली, हे सरांनी प्राचार्यांना आपणहून जाऊन सांगितलं. बाई गेल्या, कपाट राहिलं. निरोपसमारंभात वक्ते म्हणाले, सरांनी सत्याची किंमत मोजली. मी तिथे होते, टाळ्याही वाजवल्या. पण सरांच्या सत्याची किंमत नेहमी दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली आहे.

निवृत्तीनंतर ते बोळिंजला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. बायको सालोमीबाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. माझा नवरा जितेश दिवसभर मुंबईत, माझी अर्ध्या दिवसाची नोकरी, म्हणून आमची मुलगी ज्ञानदा दुपारी त्यांच्याकडे असायची. सालोमीबाई तिला कागदाच्या होड्या करून द्यायच्या, बाराखडी गाऊन शिकवायच्या.

एकदा मी आले तर पोर दाराशी उकिडवी बसलेली. माझ्या कमरेला चिकटली ती सुटेना. तिने सरांना विचारलं होतं, आई येईल ना?

"मी म्हटलं, बहुधा येईल," सर म्हणाले. "नक्की कसं सांगणार? रस्त्यावर काहीही होऊ शकतं."

"सर, चार वर्षांची आहे ती."

"म्हणून तिला फसवायचं?"

वर, प्रश्न छान विचारला म्हणून तिचं कौतुकही केलं. पुढे कितीतरी दिवस ज्ञानदा मला बाथरूमलासुद्धा एकटी जाऊ देत नव्हती. मी नोकरी सोडली. सालोमीबाईंचा लळा मात्र सुटला नाही, त्यामुळे आमचं जाणं-येणं चालू राहिलं. आता मीही बरोबर बसायचे, कान सरांकडे ठेवून.

त्याच सुमाराला सालोमीबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग नावं, मग वर्षं. त्यांची धाकटी बहीण रिटा दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की यायची. ती मागेच वारली होती. सालोमीबाई विचारायच्या, "रिटा कशी नाही आली अजून?"

सर पेपर खाली ठेवायचे आणि वर्गात सांगावं तसं सांगायचे, "रिटा वारली, सालोमी. तुझ्यासमोर पुरली तिला."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चुकून तोंडातून गेलं. सालोमीबाई भिंतीला धरून खाली बसल्या. "कधी? मला कुणी कसं नाही सांगितलं?" गाऊनच्या बाहीत तोंड खुपसून रडल्या. थोड्या वेळाने रडल्याचंही विसरल्या, डोळे तेवढे सुजलेले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "रिटा आली की तिलाही दे हो." सर पुन्हा पेपर खाली ठेवायला लागले.

"सर, नका ना. डॉक्टरांनीसुद्धा सांगितलंय, वाद घालू नका. त्यांची बहीण रोज मरतेय."

"मरण एकदाच झालं, विनया. कळणं रोज होतं. हा भेद महत्त्वाचा आहे."

हा भेद त्यांना फारच आवडला. पुण्याच्या एका चर्चासत्रात त्यावर निबंध वाचून आले. शाल मिळाली.

उन्हाळ्यात सालोमीबाई वाळायला लागल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. "मी ताट समोर ठेवतो, ती खात नाही," सर म्हणाले. "जबरदस्ती मला मान्य नाही."

एका दुपारी सर व्याख्यानाला गेले होते. मी डोकावले तर सालोमीबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेल्या. ओटा पुसून लख्ख, कुकर धुऊन पालथा, आणि सरांनी वाढून ठेवलेलं ताट तसंच.

"जेवला नाहीत?"

"बाय, घरात मरण झालंय. घरचं कसं खायचं? शेजारचे आणतील ना."

कोण गेलं ते विसरल्या होत्या, मरण तेवढं लक्षात राहिलं होतं. त्यांच्या गावात मरण झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारी जेवण घेऊन येतात, तेच खायचं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुणाला माहीत असणार की समोरच्या घरात रोज सकाळी मरण होतं? बाई स्टुलावर बसून शेजाऱ्यांची वाट बघत होती. रोज.

मी धावत जाऊन वरण-भात आणला. "शेजारून आणलाय," म्हटलं. सगळा जेवल्या. पुन्हा मागून घेतला.

संध्याकाळी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तू तिच्या भ्रमात सामील झालीस."

"मी भात दिला, सर."

"मी तिला सांगेन की आज कुणी मेलेलं नाही."

"सांगा. मग ती विचारेल, रिटा कुठे आहे?"

सर चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, माणूस विरघळला. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पेपरच्या कडेला माझं वाक्य लिहून घेतलं.

तेव्हापासून मी रोज दुपारी ताट न्यायला लागले. रिटाचं विचारलं की म्हणायचे, वाडीत थांबलीय, येईल. सालोमीबाई "बरं" म्हणायच्या आणि घास घ्यायच्या. मग एका दुपारी त्या रिटाला आणायला नंदाखालच्या रस्त्याला लागल्या. एका रिक्षावाल्याने ओळखून परत आणलं. दुसऱ्या दिवसापासून सर बाहेर जाताना जाळीच्या दाराला कुलूप घालायला लागले.

"ती बाहेर पडते म्हणून लावतो," मला म्हणाले. "आणि तू तिच्याशी खोटं बोलतेस, म्हणूनही लावतो. दोन्ही कारणं सांगून टाकतो."

सरांचं हे एक आहे. काही लपवत नाहीत.

सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले तर तो म्हणाला, "वहिनी, नवरा-बायकोचं आहे. आणि ते प्रोफेसर आहेत, त्यांना तुम्ही काय शिकवणार?" बर्थाआत्याचे गुडघे गेले, तिला जिना चढवत नाही. फोनवर नुसती रडते. जाळीतून ताट आत जात नाही. चपातीत भाजी गुंडाळली की जाते, म्हणून गेले काही महिने मी तेच करतेय.

आता जितेशची बदली नाशिकला झालीय. सामान बांधून झालं. ज्ञानदाची शाळा तिकडे सुरूही होईल.

तुम्ही बोळिंजच्या आसपास राहत असाल तर एवढं करा. तळ्यासमोरची सोसायटी, बी विंग, तिसरा मजला, दारावर 'प्रा. डॉ.' लिहिलेली पाटी. दुपारी जा, सर बहुतेक व्याख्यानाला गेलेले असतात. असले तरी जा. आतलं दार उघडंच असतं, जाळीतून हाक मारा. शेजारून आलोय म्हणा. चपाती गरम असेल तेव्हाच द्या, आणि देऊन लगेच निघू नका. त्या खातात का, तेवढं उभं राहून बघा.