मिस्त्रिणीच्या दारावरची पाटी

“सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसायचा नाही,” खुर्चीत ऐसपैस बसत मामा म्हणाला. “बसलाच, तर उद्यापासून मी बोलणं बंद करतो.”

“म्हणजे आमच्यावर मोठीच जबाबदारी आली,” बेकरीवाला म्हणाला, आणि खोलीत हशा पिकला.

खोली मिस्त्रिणीची. भिंतींवर आधीच्या भाडेकरूच्या खिळ्यांची भोकं, खिडकीला अजून पडदा नाही, कोपऱ्यात ट्रंक आणि हत्यारांची पेटी. खुर्च्या मात्र एकीसारखी दुसरी नाही, कारण सगळ्या शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या. गोल फिरणारी होती ती तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानातली. ती मामानं आल्या आल्या पटकावली आणि धाप ओसरेपर्यंत तिच्यावर गरागरा फिरून घेतलं. समोरच्या बेकरीवाल्यानं आपली खुर्ची पीठ झटकत वर आणली होती. दुकान चष्मेवाल्या काकूंचं आणि इमारतही त्यांचीच, म्हणून त्या हक्कानं ट्रंकेवर बसल्या होत्या.

मिस्त्रीण दाराशी उभी होती. हातात ड्रिल, खिशात स्क्रू. दाराला बाहेरून भोकं पाडून झाली होती. त्यावर पाटी बसवली की घर पुरं. पण पाटी मामाच्या मांडीवर होती. जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली, वर सुतळी, आणि सुतळीवर मामाचा हात.

“मामा, दे ना इकडे.”

“रंग ओला आहे.”

एवढा प्रवास करून ओला राहिलेला रंग मिस्त्रिणीनं जन्मात पाहिला नव्हता. पण मामाशी वाद घालायचा कुणी? त्यानं उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं आणि उरलेल्या वेळात थापा मारल्या. दोन्हीत हात सफाईदार. त्याची थाप कुणी पकडली असं घराण्यात कधी घडलं नव्हतं. कोंडीत पकडला की तो थापेवर आणखी एक मजला चढवायचा आणि वरून हात हलवायचा.

मिस्त्रिणीला थापांची काळजी नव्हतीच. काळजी होती ती पाटीवर काय रंगवलंय याची.

दादानं, तिच्या थोरल्या भावानं, निघताना स्टेशनवर सांगितलं होतं, “एकटी बाई राहते हे येणाऱ्याजाणाऱ्याला कशाला कळायला हवं? दारावर माझं नाव लाव. मामाला सांगून ठेवलंय मी, तो रंगवून आणेल.” दादा काही वाईट नव्हता. धाकटी बहीण परक्या शहरात निघाली की गाडी हलेपर्यंत सूचना देत राहणाऱ्यांतला होता. आणि मामा त्याला “बरं” म्हणाला होता. मामा सगळ्यांनाच बरं म्हणायचा.

आता मामाचा हात थरथरत असे. ब्रश त्यानं कधीच गुंडाळून ठेवले होते, या एका पाटीसाठी पुन्हा काढले. एकेका अक्षराला किती दिवस लागले असतील, देव जाणे. त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, ही नको, दुसरी कर? जे असेल ते लावावं लागणार. आणि मग रोज कामावरून दमून येऊन दादाच्या घरात शिरायचं, दादा तिथं नसताना.

“तर,” मामानं खुर्ची फिरवून सगळ्यांकडे तोंड केलं, “आमची ही मिस्त्रीण लिफ्ट दुरुस्त करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कशी करते, ते नाही. बिघडलेल्या लिफ्टला ही आधी हात लावत नाही. आत शिरते, डोळे मिटते, भिंतीला तळहात टेकवते आणि खालपासून वरपर्यंत नुसती जाऊन येते. कुणाला एका शब्दानं विचारत नाही. लिफ्ट स्वतःच सांगते, बाई, मला इथं दुखतंय. चौथ्या मजल्यावर नवराबायको भांडले असले तर तेसुद्धा सांगते.”

“मामा!”

“तू गप गं. एकदा हिनं डोळे मिटून हात टेकला तर बरोबरच्या आजोबांना वाटलं, पोरीला घेरी आली. त्यांनी हिच्या नाकाला बूट लावला.”

हे मात्र खरं होतं. बूट चामड्याचा होता आणि वास आठवडाभर गेला नव्हता. मिस्त्रीण हसली.

“मग कंपनीनं आमच्या गावातलं वर्कशॉप बंद केलं,” मामा पुढे म्हणाला. “साहेब म्हणाला, तीन शहरांत आपलं काम आहे, कुठलं हवं ते निवड. झालं! घरात सभा बसली. हिची आत्या म्हणाली, जिथं स्थळं चांगली तिथं जा. दादा म्हणाला, जिथं माझे सासरे तिथं जा. मी म्हटलं, जिथं वाटेत बसायला बाकं चांगली तिथं जा, मला यायला बरं. आणि ही काय म्हणाली? म्हणाली, मी आधी जाऊन बघते. शहरात शिरते, हात टेकवते, मग सांगते.”

“छान!” काकू म्हणाल्या.

“पहिल्या शहरातल्या लिफ्टचं काय विचारता! इतक्या जोरात वर जायच्या की माणूस वर पोचायचा आणि सावली खालीच राहायची. लोक वर उभं राहून आपापल्या सावलीची वाट बघायचे. एक बिचारा दुसऱ्याचीच सावली घेऊन ऑफिसात गेला, तो संध्याकाळी भलत्याच घरी पोचला.”

“आणि त्या घरच्यांनी जेवायला वाढलं?” बेकरीवाल्यानं विचारलं.

“सावली घरची म्हटल्यावर वाढणारच! तर तिथल्या घरमालकानं हिला खोली दाखवली आणि विचारलं, बरोबर कोण? ही म्हणाली, मी. तो म्हणाला, ते दिसतंय, पण बरोबर कोण? ही म्हणाली, अहो, मीच. त्यानं हिच्या मागं वाकून बघितलं, पेटी उघडून बघितली, म्हणाला, बाकीची माणसं कधी येणार?”

सगळे हसले. मिस्त्रिणीनं ड्रिल या हातातून त्या हातात घेतलं. पेटी त्यानं उघडली नव्हती. पण मागं मात्र खरंच बघितलं होतं, तिच्या खांद्यावरून, जणू ती नुसतं दार होती आणि खरं माणूस अजून आत यायचं होतं.

“दुसरं शहर भलतंच सभ्य,” मामा रंगात आला. “लिफ्टचं दार उघडलं की आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही. यात दार मिटायचं आणि लिफ्ट रिकामीच वर जायची. तळमजल्यावर लोकांची लग्नं जुळली, पोरं झाली, पोरं मोठी झाली, पण वरची घरं कुणी पाहिलीच नाहीत. मी स्वतः एका म्हाताऱ्याला भेटलो. तो लहानपणी पाव आणायला खाली उतरला होता.”

“पाव शिळा झाला असेल,” बेकरीवाला गंभीरपणे म्हणाला.

“पण मामा, तू त्या शहरात गेलासच कधी?”

“तोच म्हातारा आपल्या गावी आला होता मला भेटायला.”

“आत्ता तर म्हणालास, तो अजून तळमजल्यावर आहे.”

“मग काय झालं? यायला तळमजल्यावरूनच यावं लागतं.”

मिस्त्रिणीनं हात टेकले. खरं तर त्या दुसऱ्या शहरात सभ्यपणाखेरीज काहीच वाईट नव्हतं. कुणी मागं वाकून बघितलं नाही, कुणी काही विचारलं नाही. ती दिवसभर फिरली, खोली बघितली, बागेत बसली, आणि संध्याकाळी तिकिटाच्या खिडकीशी बोलायला तोंड उघडलं तर आवाज घोगरा फुटला. दिवसभरात तो वापरलाच गेला नव्हता. हात टेकला होता, पण भिंत काही बोललीच नव्हती.

“आणि मग तिसरं शहर,” मामानं आवाज खाली आणला. “म्हणजे हे तुमचं. ही या इमारतीत शिरली तर काय, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली! आत चष्मेवाल्या काकू, आत हे बेकरीवाले, डोक्यावर पावांची पाटी. हिनं काय करावं? वर चढली, दोर स्वतःच्या वेणीला बांधला आणि—”

“मामा, मामा!” बेकरीवाला उठून उभाच राहिला. “या इमारतीला लिफ्टच नाही! तुम्ही आत्ताच जिना चढून आलात, दर मजल्यावर बसलात!”

खोली हसून हसून कोसळली. आता सापडला, असं मिस्त्रिणीला वाटलं. पण मामानं कपाळाला आठीसुद्धा पडू दिली नाही.

“नाही ना लिफ्ट? असेल कुठून! वेणीला असा झटका दिला हिनं, अख्खी उपटून आली. जिना तर नंतर बांधला त्या भोकात.”

बेकरीवाल्यानं कोपरापासून हात जोडले आणि खाली बसला.

खरं घडलं होतं ते असं. चष्म्याच्या दुकानात काकू जमिनीवर गुडघ्यांवर बसून फ्रेमचा पडलेला स्क्रू शोधत होत्या. मिस्त्रीण काही न बोलता पेटी ठेवून शेजारी गुडघ्यांवर बसली. दोघी बराच वेळ फरशी चाचपत होत्या. सापडल्यावर काकूंनी विचारलं, “बारीक पेचकस आहे का गं?” तो होता. फ्रेम जुळली, मग कुठला स्क्रू लवकर झिजतो यावर गप्पा रंगल्या, त्यानंतर चहा झाला, आणि खोलीचा विषय निघाला तो पार शेवटी. काकूंनी एवढंच विचारलं, “सकाळी किती वाजता निघतेस कामाला? म्हणजे पाणी त्याआधी सोडायला सांगते.” मिस्त्रिणीनं दुकानाच्या भिंतीला सहज तळहात टेकला होता. ट्रंक तिनं त्याच आठवड्यात आणली, आणि सगळे जिने स्वतःच्या खांद्यावरून चढवली. काकू म्हणाल्या होत्या, मधल्या मजल्यावर ठेव, कुणाला तरी पाठवते. ती म्हणाली होती, “काकू, रोज दुसऱ्यांची ओझी वर चढवायचं बघते. आज माझं आहे, मला चढवू द्या.”

हे मामाला फोनवर सांगितलं होतं. ट्रंकेचा भाग त्यानं दोनदा सांगायला लावला होता.

“असो,” मामा म्हणाला आणि सुतळीची गाठ सोडू लागला. गाठ लवकर सुटेना. कुणी मदतीला हात पुढं केला नाही, आणि ते बरंच झालं. “गोष्ट संपली. आता कामाचं. हिच्या दादाचा निरोप होता, दारावर माझं नाव हवं. मी बरं म्हटलं. कर्त्या माणसाचा शब्द आहे, मोडता येत नाही. तेव्हा त्याचंच नाव घातलंय, ठळक. लावून टाक, बये.”

हसणं थांबलं. बेकरीवाला पायाखालच्या पिठाकडे बघू लागला. मिस्त्रिणीनं खिशातले स्क्रू मुठीत घट्ट धरले, इतके की टोकं रुतली. लावीन, तिनं ठरवलं. मामाचा हात आहे तो. लावीन, आणि रोज खालच्या दुकानात आधी जाईन, मग वर येईन.

“आण इकडे,” ती म्हणाली. आवाज घोगरा आला.

पण काकू तिच्याआधी उठल्या होत्या. त्यांनी चादरीचा तुकडा बाजूला केला, पाटी उचलली आणि जन्मभराच्या सवयीनं लांब हातावर धरून खिडकीच्या उजेडात नेली. एकदा वाचली. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचली. मग खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या:

“मामा, खोटं! धडधडीत खोटं बोलताय तुम्ही! कुठाय दादाचं नाव? इथं तर हिचं आहे, हिचं एकटीचं! आणि खाली लिहिलंय, लिफ्ट मिस्त्री!”